भट्टीतले अनारसे

मला भाकरी येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगं हळहळत बसू नये. बायको गेलेला म्हातारा म्हणलं की लोक आवाज बारीक करतात आणि विचारतात, मग जेवणाचं कसं करता? सगळे करतात तसंच करतो. पीठ मळतो, थापतो, भाजतो आणि खातो.

शिक्षण माझं चौथी. उमर सगळी रेल्वेच्या गँगमध्ये गेली. रुळाखाली खडी ठोकायची, ढिले बोल्ट आवळायचे, उन्हात आणि पावसात सारखंच. कधी काम लांब निघालं आणि घरचा डबा पोचला नाही तर आमी दगड मांडून त्याच्यावर रोट भाजायचो. बोटभर जाड, वरून करपलेला, आतून कच्चा. मिरचीबरोबर खाल्ला की पोट भरायचं. पण रोट म्हणजे भाकरी नव्हे. भाकरी मी हिच्या माघारी शिकलो.

ही श्रावण सरता सरता गेली. सकाळी अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मला म्हणली, जरा पाणी आणा. मी तांब्या घेऊन आलो तर ती सुपावर कलंडलेली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तपासलं आणि मान हलवली. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. लिहून ती यायची नाही.

घर आमचं पिंगळीत. माझ्या भिंतीला भिंत लागून थोरल्या भावाचं घर. भाऊ लय आधी गेला, वहिनी आहे. कंबर वाकली तरी जीभ सरळ आहे तिची. हिला नेलं त्या दिवसापासून वहिनी मला ताट पाठवायली. तेरावा झाला तरी ताट येतच राहिलं. मग मीच एकदा ताट घेऊन तिच्या दारात गेलो आणि म्हणलं, उद्यापासून नको.

"का? माझ्या हाताला चव न्हाई का?"

"चव हाय, वहिनी. पण तुमचं ताट आलं की माझी चूल थंड राहती. मग घरात बसावं वाटत न्हाई."

तिनं माझ्याकडं खालून वर बघितलं. म्हणली, "मग करा. करपलं की वास मला येतोच, भावजी."

वास तिला रोज यायचा. भिंतीच्या पलीकडून आवाज यायचा, तवा उतरवा. मी तवा उतरवायचो. कडेला फाटलेली, मधे जळालेली भाकरी ताटात घ्यायचो आणि दुधात कुस्करून खायचो. टाकली एकही नाही.

भादव्यात भाकरी शिकणं म्हणजे उलट्या टोकानं शिकणं आहे, हे मला मागनं कळलं. त्या दिवसांत घरातली ज्वारी जुनी झालेली असते, नवी यायला लय अवकाश. जुन्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा राहत नाही, थापताना कड फाटते. मी समजायचो माझ्या हातालाच खोड आहे. एकदा चहाचं पाणी ठेवलं होतं, ते उकळलं, आणि मला चहापेक्षा भूक जास्त लागली होती. तेच कढत पाणी परातीत ओतलं. बोटं भाजली, पण भाकर गोल निघाली. कड शाबूत. तव्यावर टाकली तर टम्म फुगली. मी भिंतीला हात मारून म्हणलं, वहिनी, वास येतोय का? ती म्हणली, न्हाई. म्हणलं, तेच सांगायलोय.

तिथून पुढं मी थांबलो नाही. दोडक्याची भाजी केली, दोडक्याच्या शिरा वाया का घालायच्या म्हणून त्यांची चटणी केली. कारळं भाजली, कुटली, लसूण घातला. पितरांच्या पंधरवड्यात भोपळा मोप येतो, कुणी ना कुणी फोड आणून देतंच. तो गूळ घालून शिजवायला शिकलो. वरणात एकदा मीठ दोनदा पडलं, त्यात पाणी वाढवत गेलो आणि शेवटी पातेलंभर वरण झालं. दुसऱ्या दिवशी त्याच वरणात पीठ मळून धपाटे थापले. वहिनीला नेऊन दिले. तिनं खाल्ले आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी म्हणलं, खाऱ्या वरणानं.

दसरा आला. सोयाबीनच्या मळण्या चालू झाल्या, रस्त्यानं भुसकट उडायलं, ऊन असं की चैत्रात बसल्यावानी वाटायचं. दसऱ्यानंतर वहिनीनं मला बोलावून घेतलं आणि दिवाळीचं सांगितलं. आमच्यात रीत अशी आहे की घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेस्तोवर त्या घरात तळण करायचं नाही. कढई चढवायची नाही. करंजी नाही, चकली नाही, शेव नाही. भावकीतून, शेजारणीकडून डबे येतील ते खायचे. मला रीत माहीत होती. मी मान हलवली. मला काय, मी करंजीवाचून मरत नव्हतो.

मग लेकीचा फोन आला.

लेक एकच. राणीसावरगावला दिलेली, गंगाखेडच्या पुढं. शेतीवाडीचं घर आहे, माणसं चांगली आहेत. दर दिवाळीला पाडव्याला यायची, चार दिवस राहून जायची. आई-लेकी स्वयंपाकघरात बसल्या की मला आत जागा नसायची. चहा मागितला तर दोघी मिळून म्हणायच्या, थांबा. तास गेला तरी थांबाच.

फोनवर ती आधी सोयाबीनचं बोलली, मग पावसाचं, मग माझ्या गुडघ्याचं. मी ओळखलं, काहीतरी दडवायली. म्हणलं, सरळ बोल.

"आबा, आवंदा मी येत न्हाई."

मी का म्हणून विचारलं. ती म्हणली, येऊन काय करू. घरात तळण नाही, मोठीआईच्या डब्यातलं खायचं आणि तुमच्या तोंडाकडं बघत बसायचं. मोठीआई म्हणजे माझी वहिनी. मग म्हणली, "मला त्या सैंपाकघरात पाऊल टाकवत न्हाई. तेराव्यालाबी मी आत गेले न्हाई, तुमी बघितलं न्हाई का."

बघितलं होतं. ती दिवसभर ओसरीवर बसली होती. पाणी पाहिजे तर वहिनीच्या घरातून आणायची.

फोन ठेवला आणि मी बसून विचार केला. मला ह्या जगात एक लेक आहे. ती आवंदा आली नाही तर पुढच्या साली न येणं सोपं जाईल. त्याच्या पुढच्या साली आणखी सोपं. मग लग्नाकार्यापुरतं येईल, पाव्हण्यासारखं चहा पिऊन जाईल. मी अशी घरं बघितली आहेत. बाप एकटा आत, लेक वर्षातून एकदा अंगणात. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. रडून बोलवायचं नव्हतं आणि आजारी पडलोय म्हणूनही बोलवायचं नव्हतं. तिला खाण्यावर बोलवायचं होतं. माझ्या घरात माझं रांधलेलं आहे, ये आणि खा, असं.

म्हणून मी अनारशाचं ठरवलं.

आता अनारसेच का, ते सांगतो. आमच्या हिला सगळं यायचं. पुरणपोळी अशी करायची की हातात घेतली तर पलीकडचं दिसावं. पण अनारसा तिला कधी वश झाला नाही. अनारसा तुपात सोडला की जाळी पडून फुलला तर फुलला. नाही तर तो फुटतो, विरघळतो, सगळ्या कढईत पसरून त्याचा चुरा चुरा होतो. त्याला म्हणतात, अनारसा हसला. रडायची पाळी करणारीवर येते, पण म्हणायचं तो हसला. आमच्या हिचे अनारसे दर साली हसायचे. ती झाऱ्यानं सगळा चुरा गोळा करायची, ताटात काढायची आणि असा मुद्दामच केलाय अशा तोंडानं लेकीपुढं ठेवायची. लेक तो दुधात घालून खायची. मी दर साली सांगायचो, गूळ कमी घाल. ती म्हणायची, "तुमी रूळ बघा. गूळ मी बघते." आणि पुढच्या साली पुन्हा तेवढाच गूळ घालायची. पण दिवाळी म्हणलं की तिचे तांदूळ भिजायचेच. करंजी एखाद्या साली चुकली असंल, अनारसा नाही.

मी लेकीला उलटा फोन लावला. म्हणलं, अनारसे करायलोय, ये.

"कढई चढवायची न्हाई म्हणली ना मोठीआई?"

"कढई चढवणार न्हाई."

"मग काय तव्यावर करणार?"

"ते माझ्याकडं लागलं. तू ये."

ती बघते म्हणली. बघते म्हणजे नाही, हे मला माहीत आहे. तिच्या आईची भाषा मी उमरभर ऐकली आहे.

भट्टीचं माझ्या डोक्यात आधीच आलं होतं. इकडं दिवाळीच्या आधी बाया मैदा, साखर, डालडा असं सामान डब्यात घालून बेकरीवर नेतात. बेकरीवाला ते फेटून, पत्र्याच्या ट्रेवर मांडून भट्टीत सारतो आणि नानखटाई करून देतो. नोकरीत असताना पूर्णेला आमी राहायचो तेव्हा ही पण न्यायची. भट्टी परक्याची, जाळ परक्याचा, कढईचा संबंध नाही. नानखटाई चालते तर अनारसा का चालू नये? मला यात काही चूक दिसेना. अजूनही दिसत नाही.

तांदूळ भिजवले. जुने, जाडे. तीन दिवस भिजू द्यायचे आणि रोज पाणी बदलायचं, नाही तर आंबूस वास मारतो. मग धोतरावर पसरून सावलीत वाळवायचे, पण कडकडीत नाही. मुठीत दाबले तर ओल लागली पाहिजे. मी ओसरीवर धोतर पसरून बसलो, तर वहिनी काठी टेकत आली.

म्हणली, "हे काय करायलाव?"

"अनारशाचे तांदूळ."

"भावजी, डोकं ठिकाणावर हाय का? वर्ष झालं न्हाई अजून."

मी तिला सगळं सांगितलं. कढई चढणार नाही. घरात थेंबभर तूप तापणार नाही. पूर्णेच्या भट्टीत भाजून आणणार. ती खाली बसली, तांदूळ बोटानं चाळवत विचार करायली. वहिनी रीतीची पक्की. तिनं नाही म्हणलं असतं तर मी केलं नसतं असं नाही, पण मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिवाळी वाईट गेली असती.

शेवटी म्हणली, "भट्टी कुणाच्या घरात हाय?"

"बेकरीवाल्याच्या."

"त्याच्या घरात कुणी गेलंय का?"

"न्हाई."

"मग मला काय विचारता? त्याच्या भट्टीला आपलं सुतक न्हाई." उठता उठता म्हणली, "ह्याला अजून ओल हाय. संध्याकाळपर्यंत राहू द्या." आणि घरात जाऊन तिची बारीक चाळण मला आणून दिली. त्या चाळणीला ती कुणाला हात लावू देत नाही.

तांदूळ कुटले, चाळले. गूळ किसून घातला. इथं मी माझ्या मनासारखं केलं. ही जेवढा घालायची त्याच्यापेक्षा कमी. मळून गोळे केले आणि डब्यात झाकून ठेवले. हे पीठ काही दिवस मुरावं लागतं. मी रोज झाकण उघडून वास घ्यायचो. चांगला यायचा.

दिवाळीच्या तोंडावर पॅसेंजरनं पूर्णेला गेलो. मांडीवर डबा, डब्यात पीठ, पिशवीत खसखस. बेकरीपुढं ही गर्दी. सगळ्या बाया, एकटा मी बापई. डब्यांची रांग लागलेली, प्रत्येक डब्यावर खुणेला कुणी फडकं बांधलेलं, कुणी चमचा खोचलेला. मी माझा डबा रांगेत ठेवला. पुढची बाई वळून बघायली. म्हणली, काका, काकूला बरं न्हाई का? मी म्हणलं, काकू गेली. ती कानकोंडी झाली. मी म्हणलं, तुमी नका वाईट वाटून घेऊ, तुमचा नंबर आलाय, पुढं सरका.

बेकरीवाला मला ओळखतो. गँगमध्ये होतो तेव्हा त्याच्या बापाकडून आमी सकाळचे पाव न्यायचो. त्यानं माझा डबा उघडला, पीठ चिमटीत घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मामू, ही नानखटाई नाही."

"अनारसे."

"अनारसे कढईत होतेत."

"माझ्या घरात कढई बंद हाय वर्षभर."

त्यानं हळू आवाजात विचारलं, "मामी?" मी मान हलवली. त्यानं ट्रे ओढला आणि म्हणला, "थापा मामू. पण मी कधी केले नाहीत. जबाबदारी तुमची."

मी थापले. खसखशीवर दाबून, मधे बोटानं जरा पातळ करून, ओळीत मांडले. वरून तूप सोडलं, सढळ हातानं, कारण तुपात तळायचं ते तुपाविना कसं होईल अशी माझी समजूत. त्यानं लांब दांड्याच्या फळीवर ट्रे घेऊन आत सारला. बाया आपापल्या डब्यांकडं बघायच्या सोडून माझ्या ट्रेकडं बघायल्या.

ट्रे बाहेर आला तेव्हा त्यात एकही अनारसा नव्हता. सगळे वितळून एकमेकांत गेले होते. ट्रेभर एकच तांबूस पत्रा झाला होता, वर खसखस.

"मामू," बेकरीवाला म्हणला, "हे तर चादर झाली."

बाया हसल्या. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते. मग सगळ्यांची तोंडं एकदम सुटली. एक म्हणली गूळ जास्त झालाय. मी म्हणलं, मुळीच नाही, माझ्या बायकोनं घातला असता तर भट्टी फुटली असती. दुसरी म्हणली तूप वरून सोडायचंच नव्हतं. माघं उभी होती ती म्हातारी, तोंडात दात नव्हता एक, ती म्हणली, ह्याच्यात कोरडं तांदळाचं पीठ घाल आणि जाड थाप, आणि त्या पोराला म्हण जाळ कमी कर. पोरगा म्हणजे बेकरीवाला, पन्नाशीचा. पीठ कुठून आणायचं तर नानखटाईवाल्या एकीनं शेजारच्या दुकानातून आणून दिलं. मी पुन्हा मळलं, पुन्हा थापलं. तूप सोडलं नाही. बेकरीवाल्यानं म्हणलं, आता भट्टी जरा उतरू द्या, आधी ह्यांचे होऊ द्या. मी बसून राहिलो. चादरीचे तुकडे बायांना वाटले. सगळ्यांनी खाल्ले. कुणी नको म्हणलं नाही.

दुसरा ट्रे निघाला तो अख्खा. गोल, तांबूस, वेगवेगळे. जाळी म्हणाल तर नव्हती, पण प्रत्येक अनारसा आपल्या जागी होता. बेकरीवाल्यानं एक मोडला. कट असा आवाज आला. तो चावून म्हणला, चांगलाय, फक्त नाव बदला. मी म्हणलं, नाव तेच राहणार.

घरी आलो आणि लेकीला फोन केला. झाले म्हणलं. तिनं विचारलं, कशावर? मी सांगितलं, भट्टीत. फोनमध्ये काहीच आवाज येईना. मला वाटलं लाईन गेली. मग कळलं, ती हसायलीय. तोंड दाबून हसायलीय, श्रावणापासून पहिल्यांदा. म्हणली, आबा, भट्टीत अनारसे करतेत का कुणी? मी चादरीचंही सांगितलं. ती आणखी हसली, मग हसता हसता तिचा आवाज फिरला आणि तिनं फोन ठेवला. येते का नाही, ते बोललीच नाही.

लक्ष्मीपूजन झालं. आमच्याकडं आवंदा दिवा एकच, देवापुढं. वहिनीनं डबे पाठवले, शेजारणींचे आले. मी ते सगळे ओट्यावर एका बाजूला मांडले आणि माझा डबा एका बाजूला. त्याला मी हात लावला नाही. वहिनीनं दोनदा विचारलं, येणार का पोरगी? मी दोन्हीदा म्हणलं, येणार. मला माहीत नव्हतं. पण म्हणायला काय जातं.

पाडव्याला दुपारी ती आली. एकटीच. जावई गंगाखेडहून गाडीत बसवून माघं गेले, मळणी निम्मी राहिली होती. ती ओसरीवर टेकली, पिशवी ठेवली, माझ्याकडं बघितलं. म्हणली, बारीक झालाव. मी म्हणलं, नाही, तू लय दिवसांनी बघायली. वहिनी आली, दोघी गळ्यात पडून रडल्या. मी उठून अंगणात जाऊन आलो. रडणं झालं, पाणी झालं. पाणी वहिनीच्याच घरातून आलं.

वहिनी तिच्या घरी गेली. लेक म्हणली, "दाखवा बघू तुमचे अनारसे."

"आत हायत. ओट्यावर डबा हाय. घे."

ती म्हणली, "तुमी आणून द्या ना."

"गुडघा धरलाय माझा."

गुडघा धरला नव्हता. आत्ताच मी अंगणात फिरून आलो होतो आणि ते तिनं बघितलं होतं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. मी भिंतीला टेकून बसलो आणि उठलो नाही. त्या दिवशी माझं म्हणणं तेवढं एकच होतं. ओसरीवर ताट आणून दिलं असतं तर तिनं खाल्लं असतं, चांगले झालेत म्हणली असती आणि सांजच्या गाडीनं गेली असती. आणि मग मला होऊ द्यायचं नव्हतं ते झालंच असतं.

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात थांबली. चौकटीला हात धरून लय वेळ उभी राहिली. मी रस्त्याकडं तोंड करून बसलो. मग बांगड्यांचा आवाज आतून आला.

एक डबा वाजला. दुसरा वाजला. मग तिचा आवाज आला, चढ्या सुरात.

"आबा, हळद खाली का ठेवली? आणि हे तिखट हिथं? आईनं कधी हिथं ठेवलंय का?"

"मला वाकायला जड जातं, म्हणून जड डबे वर घेतले," मी बसल्या जागेवरून म्हणलं. "हलके खाली. आता हिथं मी रांधतो. माझ्या हाताला पुरलं पाहिजे."

"मीठ कुठंय?"

"तव्याच्या माघं."

"तव्याच्या माघं कोण मीठ ठेवतं?"

आत तिनं रडायला सुरुवात केली होती. मोठ्यानं नाही. रडता रडता डबे हलवत होती, आवाजावरून कळत होतं. माझी इच्छा झाली उठावं, आत जावं. गेलो नाही. तिचं आणि तिच्या आईचं काय ते त्या खोलीत होतं. माझं मी तिथंच रोज सकाळी पीठ मळताना करून घेतलं आहे, त्यात मलाही कुणी येऊन हात धरायला नव्हतं आणि ते बरंच झालं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल, हातात डबा. माझ्यापुढं बसली. एक अनारसा काढला, उलटा-सुलटा बघितला आणि चावला. कट.

"हे बिस्कीट हाय."

"अनारसाच हाय."

"आईचे हसायचे."

"गूळ जास्त घालायची ती."

"तुमी तवाबी हेच म्हणायचे," ती म्हणली. "आणि तुमचं बराबर असंलबी. पण मला ते हसलेलेच आवडायचे, आबा. मी मुद्दाम विचारायचे, आई, हसले का?"

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणलं, "मग हे आवडले न्हाईत?"

ती खातच होती. दुसरा घेतला होता. म्हणली, "हे तुमचे हायत. हे वेगळे." तोंडात अर्धा ठेवून म्हणली, "चहात बुडवून बघितलं का?" मी म्हणलं नाही. ती उठली आणि आत गेली, न थांबता गेली, आणि गॅस पेटल्याचा आवाज आला. साखर कुठं म्हणून ओरडली. मी सांगितलं. तिथं साखर ठेवायची जागा हाय का, असंही ऐकून घेतलं.

चहा घेऊन आली, आणि एक कप वहिनीला अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून दिला, दोन अनारशांसकट. वहिनीचा आवाज आला, दात मोडायचा माझा. लेक म्हणली, बुडवून खा, मोठीआई. थोड्या वेळानं रिकामी बशी भिंतीवर येऊन बसली. तिनं आणखी दोन मागितले नाहीत, बशी फक्त तिथंच ठेवली. लेकीनं ती भरून परत दिली.

सांजच्या गाडीची वेळ आली. मी गाडीचं नाव काढलं नाही. तिनं फोन काढला, जावयांना लावला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बोलायली. म्हणली, आज नाही येत. उद्याही नाही. मळणी झाली की तुमीच या घ्यायला. तिकडून काहीतरी विचारलं असंल. ती म्हणली, "न्हाई, मी न्हाई करायले. आबा करायलेत सैंपाक. मी नुसती चुका काढायले."

फोन ठेवून तिनं मला विचारलं, सांच्याला काय करणार? मी म्हणलं, परसातल्या वेलाला दोडके आहेत, पण वेल छपरावर गेलाय, माझा हात पोचत नाही. ती म्हणली, आईनं कधी वेल छपरावर जाऊ दिला नसता. मी म्हणलं, नसता दिला. ती पदर खोचून उठली आणि शिडी कुठं ठेवलीय म्हणून विचारायली.